तम्माच्या नकलेतलं गणित

माझ्या धाकट्या भावाला बीजगणित जन्मात कधी कळलं नाही, आणि मला ते जे काही आलं ते सगळं त्याच्याच तोंडून आलं. हे मी घरात सांगितलं की सुना पदराआड हसतात आणि नातवंडं उघड हसतात. नातवंडांची पुस्तकं चांगली जाड, रंगीत चित्रांची. ती म्हणतात, “आजी, आम्ही अवयव पाडतोय.” मी म्हणते, पाडा बाबांनो, पण कोणत्या टोकाकडून सुरुवात केलीत ते आधी बघा. असं मी का म्हणते ते त्यांना ठाऊक नाही, म्हणून एकदा लिहून ठेवते.

निजामाचं राज्य होतं आणि लढाई चालली होती. लढाई नक्की कुठं चालली होती ते आम्हाला नीटसं माहीत नव्हतं. आमच्यापर्यंत ती पोचली ती घासलेट मिळत नाही एवढ्याच रूपानं. तुळजापुरात आमचं किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं आम्ही. आई खालच्या कानडी मुलखातली, म्हणून आमच्या घरात आई म्हणजे अव्वा, वडील अप्पा, मी अक्का आणि धाकटा तम्मा. बाहेर मराठी, घरात अर्धी कानडी, आणि गिऱ्हाईक कचेरीतलं असलं की अप्पांची मोडकी उर्दू. घासाघीस मात्र तिन्ही भाषांत सारखीच चालायची.

मी मुलींच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. हिशेबात पहिली होते. पण त्यापुढची शाळा उर्दू होती आणि पोरांची होती. अप्पा म्हणाले, “चार बुकं झाली, लई झालं. आता भाकरी गोल येऊ दे.” भाकरी गोल यायला मला त्यानंतर बराच काळ लागला. हिशेब त्यापेक्षा सोपा होता, पण ते ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

तम्मा त्या उर्दू शाळेत जायचा. मिडलच्या परीक्षेपर्यंतची शाळा, तिला वस्तानिया म्हणत. अभ्यासात त्याची गती बेताचीच. देवानं त्याला एकच कला दिली होती, नकलेची, आणि ती मात्र हात आखडता न घेता दिली होती. ज्याला तो एकदा बघे तो माणूस आमच्या मागच्या पडवीत येऊन बसे. उधारी मागताना अप्पांना येणारा खोकला, पौर्णिमेच्या गर्दीत चप्पल हरवलेला यात्रेकरू, रागावलेली अव्वा. स्वतःची नक्कल बघताना अव्वा त्याला मारायला लाटणं उचलायची आणि हसू आवरेना म्हणून खाली ठेवायची.

त्याची सगळ्यात बहारदार नक्कल हिशेबाच्या मौलवीसाबांची. मौलवीसाब बिदरकडचे, उंच, किडकिडीत, विटलेली काळी शेरवानी घालणारे. त्यांना तपकिरीचं व्यसन. फळ्यासमोर उभे राहून शिकवता शिकवता ते चिमूट ओढत, डोळे मिटून तोंड आढ्याकडं करत आणि शिंकत. तम्मा रोज दुपारी शाळेतून आला की हा सगळा तास मला करून दाखवायचा. मी तेव्हा पडवीत दुकानची तूरडाळ निवडत बसलेली असे. अप्पा आत झोपलेले. घासलेट नाही म्हणून संध्याकाळनंतर कुणी काही करायचंच नाही, जे काय ते दुपारी.

“देखो बच्चो,” तम्मा नाकातून सुरू करायचा, “आखरी अदद को देखो.” मग चिमूट. मग शिंक. “अब ऐसे दो अदद ढूंडो, जिनकी जर्ब बारा हो और जमा सात.”

अदद म्हणजे संख्या, जर्ब म्हणजे गुणाकार आणि जमा म्हणजे बेरीज, एवढं बाजारपेठेत राहणाऱ्या कुणालाही कळे. मी डाळीतला खडा बाजूला टाकला आणि म्हणाले, “तीन आन् चार.”

नकलेतून बाहेर न येता तम्मानं माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. चष्मा नव्हता, पण बघितलं. “तुमको किसने पूछा?”

“तुमीच इचारलं की, मौलवीसाब.”

तिथून हे सुरू झालं. त्यांच्या पुस्तकात न सांगितलेल्या संख्येला ‘ला’ म्हणत, आता नातवंडं तिला एक्स म्हणतात. ला चा वर्ग, अधिक सात ला, अधिक बारा, असं एक गाठोडं समोर ठेवायचं आणि ते कोणत्या दोन कंसांना एकमेकांनी गुणून बांधलंय ते ओळखायचं. ला अधिक तीन, आणि ला अधिक चार. मला हे फार आवडलं. अप्पा पुडी बांधताना दोऱ्याला अशी गाठ मारत की योग्य टोक ओढलं की पुडी आपोआप उलगडे, आणि चुकीचं ओढलं की आवळत जाई. त्यांच्या पुड्या मी लहानपणापासून सोडत आले होते. हे तसलंच काम होतं, फक्त बोटांऐवजी डोक्यानं करायचं.

मग मी रोज तम्माची वाट बघायला लागले. तो आला की आधी त्याला गूळ आणि शेंगदाणे, मग तास. तो शिंकेवर रेंगाळायला लागला की मी म्हणायची, “शिंक झाली, फुडं चल.” पण खरं सांगायचं तर शिंका उपयोगाच्या होत्या. मौलवीसाब महत्त्वाच्या पायरीआधीच शिंकत, त्यामुळं शिंक आली की मी डाळीतून हात काढून घेई. तम्माला ओळ न् ओळ पाठ असायची आणि अर्थ एकाचाही लागायचा नाही. मी त्याला भाजलेले चिंचोके मांडून दाखवायची. बारा चिंचोके घे, सारख्या ओळी लाव, आता ओळी किती आणि एका ओळीत किती ते बघ. तो ओळी लावायचा. बेरीज करायच्या आत चिंचोके खाऊन टाकायचा.

त्या वर्षी सहामाहीत तो हिशेबात आपटला. अप्पांनी निकाल बघितला आणि शांतपणे म्हणाले, “मिडलला हिशेबात ऱ्हायला, तर शाळा बंद. दुकानात बसायचं.” तम्माला त्याचं काही वाटलं नाही. दुकानात गूळ होता, खारका होत्या, दिवसभर नकला करायला नवी नवी माणसं येणार होती. धास्ती बसली ती मला. तो शाळेत गेला नाही तर मौलवीसाब पडवीत येणार कसे? त्याची शाळा बंद म्हणजे माझी बंद. तो पास व्हावा म्हणून घरात कुणी देवीला साकडं घातलं असेल तर ते मी.

आणि नेमकं तेव्हाच वजाबाकीनं घात केला.

तोवरची सगळी गाठोडी अधिकाची होती. तम्मा शाळेतल्या फळ्यावरचं पाटीवर उतरवून आणायचा. मला उर्दू आकडे वाचता येत नव्हते म्हणून आकडे तेवढे मराठीत करायचा, बाकी जे जिथं असेल ते तिथं. चित्र काढावं तसं तो ते काढायचा. मी सोडवायची, समजावून सांगायची, मग तो वहीत उत्तर लिहून न्यायचा. उत्तरं बरोबर यायची. मग फळ्यावर वजाचं चिन्ह आलं, आणि आमचं एकूण एक उत्तर चुकायला लागलं.

पहिल्या दिवशी तम्मा बाकावर उभा राहून आला. दुसऱ्या दिवशी हातावर छडी खाऊन आला. मी पाटी पुन्हा तपासली. पाटीवर होतं, सहा, अधिक पाच ला, वजा ला चा वर्ग. हे गाठोडं नेहमीच्यासारखं नव्हतं. दोन दुपारी मी त्याच्याशी झटले होते आणि शेवटी ते सोडवलं होतं. सहा वजा ला, आणि एक अधिक ला. गुणून बघितलं. पुन्हा गुणून बघितलं. तंतोतंत. शेजारी आणखी एक गणित होतं, बारा, अधिक सात ला, वजा ला चा वर्ग. ते काही केल्या सुटेना. सगळ्या जोड्या लावून झाल्यावर मी तम्माला सांगितलं, “लिही, हे फुटत न्हाय.” त्यानं बिचाऱ्यानं इमानानं उर्दूत लिहिलं, ये नहीं टूटता. मौलवीसाबांना वाटलं पोरगं उद्धट झालं. छडी त्याबद्दलची होती.

मी लहानपणापासून तापट. आज पिकल्या केसांनी तो ताप थोडा निवलाय असं सुना म्हणतात, पण ते त्या माझ्यासमोर म्हणतात. तेव्हा मी तम्माच्या हातावर खोबरेल चोळत जाहीर केलं की मौलवीसाबांना हिशेब येत नाही.

“अक्का, ते मौलवीसाब हायत,” तम्मा म्हणाला.

“असंनात. गुणून बघितलंय म्या.”

अव्वा चुलीपासून म्हणाली, “सुम्न बस गं. शिकल्यासवरल्या माणसाला नावं ठिवू नको.” सुम्न म्हणजे गप्प. गप्प बसणं मला त्या काळी कोणत्याच भाषेत जमत नसे.

मौलवीसाब तपकीर आमच्याच दुकानातून नेत. पुढच्याच बाजाराच्या दिवशी ते आले. अप्पा तपकीर तोलत होते. तम्मा त्यांना बघून पोत्यांमागं गेला. मी आतल्या दारात उभी होते, आणि डोक्यात सहा वजा ला, एक अधिक ला. तिथं थोडा विचार केला असता तर लक्षात आलं असतं की तोंड उघडलं तर अप्पांना कळणार, पोराचा अभ्यास पोरगी करते. मग पडवीतली शाळा मिडलची वाट न बघता आजच बंद. विचार मी केला, पण बोलून झाल्यावर.

“मौलवीसाब,” मी म्हणाले, “सहा वजा ला आन् एक अधिक ला, हे तुमी गुणून बघितलं काय?”

अप्पांच्या हातातला तराजू तसाच राहिला. मौलवीसाबांनी आधी दाराकडं बघितलं, मग अप्पांकडं. “क्या कहा, बेटी?”

मी पाटी घेऊनच आले होते. ती त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ओठ हलवत गुणाकार केला. मग भुवया वर गेल्या. “हिसाब तो सही है,” ते म्हणाले. माझी मान ताठ झाली. मग ते म्हणाले, “लेकिन ये सवाल मेरा नहीं है.”

त्यांनी पाटीच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं आणि ते डावीकडं सरकवत नेलं. ला चा वर्ग, वजा पाच ला, अधिक सहा. “हमारी लिखाई इधर से चलती है, बेटी.”

मी ते बोट बघत राहिले. इतके महिने तम्मा उजवीकडून लिहिलेलं चित्र आणत होता आणि मी ते डावीकडून वाचत होते. अधिकाच्या गणितात दिशेला कोण विचारतो? कुठूनही वाचा, गाठोडं तेच. पण त्यांच्या वाचण्यात वजाचं चिन्ह ‘पाच ला’चं होतं, माझ्या वाचण्यात ते ला च्या वर्गाला जाऊन चिकटत होतं. त्यांचं गणित सरळ होतं. ला वजा दोन, ला वजा तीन, तम्मानंसुद्धा चिंचोक्यांवर केलं असतं. मी ते उलट्या टोकानं ओढलं होतं, आवळून घट्ट केलं होतं, आणि तरीही दातओठ खाऊन सोडवलं होतं. पाटी दाखवायच्या आधी माझ्या कानशिलांत जो राग होता तो आता सगळा लाज होऊन तिथंच तापत होता.

मौलवीसाबांनी दुसरं गणितही उलटं वाचून बघितलं. बराच वेळ लावला. “ये भी सच है,” ते म्हणाले, “उल्टा पढो तो नहीं टूटता.” मग पोत्यांकडं वळून, “बाहर आओ, नक्काल. छडी वापस नहीं होती, मगर अफसोस है.”

तम्मा बाहेर आला. मौलवीसाब अप्पांना म्हणाले की तुमचा मुलगा वर्गात माझ्या पाठीमागं माझी नक्कल करतो हे मला ठाऊक आहे, पण ती मी कधी बघितलेली नाही. बघायची आहे. अप्पांचा चेहरा तपकिरीच्या रंगाचा झाला. तम्मानं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि मग नाकातून सुरू केलं. देखो बच्चो. चिमूट, तोंड आढ्याकडं, शिंक. त्याच वेळी खऱ्या मौलवीसाबांनीही हसू दाबायला चिमूट ओढली होती. दोघं एकदमच शिंकले. अप्पा हसले. अप्पांना दुकानात बसून हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

जाताना मौलवीसाब म्हणाले, “शेटजी, लडका पास होगा. उस्ताद घर में है.” अप्पांनी पुडी बांधली, दिली, आणि ते गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, “मिडल हुईपर्यंत शिकीव त्याला. पन डाळ निवडायची ऱ्हायली न्हाय पायजे.” माझ्या दृष्टीनं हा मोठाच हुकूम होता. मी त्या आनंदात इतकी डाळ निवडली की अव्वा म्हणाली, आता दुकानात खडे विकत आणावे लागतील.

त्यानंतर मी उजवीकडून वाचायला शिकले. पण अडचण तम्माची होती. परीक्षेच्या खोलीत अक्का नसणार. समजून तर तो काही करणार नव्हता. शेवटी मला सुचलं ते असं, की ज्याला समजत नाही पण नक्कल येते, त्यानं नक्कलच करावी. मी त्याला सांगितलं, “मौलवीसाबांची न्हाय, आता माजी कर.” त्याला हे फार आवडलं. दोन दिवसांत माझी नक्कल तयार झाली. सुपावर वाकलेली, कपाळाला आठी, खालचा ओठ दाबलेला, आणि तोंडानं सारखं, “आदी गुणाकार बघ. मग बेरीज बघ. चिन्ह खाऊ नको. खाल्लंस का चिन्ह?” मी अशी दिसते हे मला मान्य नव्हतं. अव्वा म्हणाली, अगदी अशीच दिसतेस.

मिडलचा निकाल आला आणि तम्मा पास झाला. हिशेबातसुद्धा. त्यानं सांगितलं की पेपर लिहिताना तो पूर्ण वेळ ओठ दाबून, आठी घालून बसला होता. देखरेखीला असलेल्या माणसानं दोनदा विचारलं, पोट दुखतंय का.

अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. माझ्या हातात पेढा ठेवताना म्हणाले, “आता हायस्कूल. धाराशिवला धाडायचं त्येला, बोर्डिंगात.” कागदोपत्री ते उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिवच. तुळजापुरात तेव्हा हायस्कूल नव्हतं, हे मला ठाऊक होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण तो नापास झाला तर शाळा जाईल एवढं एकच टोक मी महिनोन् महिने ओढत बसले होते, आणि तो पास झाला तर काय होईल हे बघितलंच नव्हतं. तो पेढा मी खाल्ला. तो मला गोड लागला नाही. भावाच्या यशाचा पेढा गोड लागला नाही याचंही वाईट वाटलं, आणि असं दोन्हीकडून वाईट वाटत मी तो गिळला.

तम्मा मृगाच्या सुमाराला गेला. पडवी रिकामी झाली. डाळ मी निवडत होते, पण आता ती नुसती डाळ होती. घरात माझ्या स्थळांची बोलणी सुरू झाली होती, सोलापूरकडची. काही दिवस मी मनातल्या मनात जुनीच गणितं सोडवली, मग उत्तरं आधीच आठवायला लागली आणि तेही संपलं. मौलवीसाब तपकिरीला येत. “बेटी, कैसी हो,” म्हणत. मी बरी आहे म्हणत असे.

दिवाळीला तम्मा मोटारीनं आला. थोडा उंच झालेला, मिसरूड फुटू पाहणारी. अव्वानं त्याला खाऊ घातलं, अप्पांनी विचारायचं ते विचारलं, आणि दुपारी सगळे झोपल्यावर तो पडवीत आला. पोट सुटलेल्या माणसासारखा मागं झुकून उभा राहिला आणि सदऱ्याच्या बाहीनं न दिसणारा फळा पुसला.

“हे कोण?” मी विचारलं.

“हायस्कूलचे हिशेबाचे मास्तर. समझे के नहीं समझे? नहीं समझे.” मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, “पयल्या दिवसापासनं समदं पाठ केलंय. मला एक अक्षर कळलं न्हाय अक्का, पन सोडलंबी एक न्हाय.”

त्यानं कोनाड्यातली पाटी काढली, सदऱ्यानं पुसली, आणि लिहायला बसला. त्याचा हात पाटीच्या उजव्या टोकाकडं गेला, तिथं थांबला, आणि उचलून डावीकडं आला. एकेक चिन्ह तपासत, जीभ बाहेर काढून, त्यानं सगळं गणित माझ्या बाजूनं लिहिलं.

“जरा थांब,” मी म्हणाले. मला रडू आलं होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल झाली असती. मी आत गेले, डोळे पुसले, चांगली सूपभर डाळ घेतली, आणि बाहेर येऊन त्याच्यासमोर बसले.